बरोबरीच्यांना आहेर कशाला?

प्रिय पोरी,

निकाल लागला आणि एका आठवड्यात नागपुरात चार पार्ट्या: धरमपेठेत दोन, महालात एक, एक होस्टेलच्या गच्चीवर. प्रत्येक ठिकाणी काय न्यायचं, असं विचारलंस. स्पष्ट सांगतो, जे तुझ्यासोबतच पदवीधर झाले त्यांना तू काही देणं लागत नाहीस, आणि तेही तुला लागत नाहीत. पाकीट मोठ्यांनी लहानांना द्यायचं. काका-मामा पाचशेएक हातात ठेवतात, त्यात आशीर्वाद असतो. वर्गमैत्रीण म्हणून तू तेच केलंस की समोरची मनात आकडा टिपून ठेवते आणि पुढच्या पार्टीला तेवढेच पैसे तुझ्याकडे परत येतात. लग्नघरातली आहेराची वही मैत्रीत आणू नये.

रिकाम्या हातानं जायला संकोच वाटतो, हे मला कळतं. मग चिठ्ठी लिही. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असलं छापील नको. जिनं प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तुझं जर्नल पूर्ण करायला मदत केली, तिला तेच लिही: कोणता प्रयोग राहिला होता, लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात आकृत्या कशा काढल्या. त्या चार ओळी ती जपून ठेवेल.

गाव सोडून निघालेल्यांचं वेगळं. पुण्याला नोकरीवर चाललेल्या मित्राला संत्रा बर्फी दे. ताजी संत्री शोधत फिरू नकोस. संत्र्याला वर्षात दोन बहार: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आता जुलै चालू आहे. बर्फीचा डबा गाडीतच उघडतो, शेजारच्यांनाही मिळते, नव्या खोलीवर चार ओळखी होतात. फोटोफ्रेम, भिंतीवरचं घड्याळ मात्र नको. बॅगेत मावत नाही आणि टाकूनही देववत नाही.

सगळ्यांनी मिळून काही द्यायचं ठरलं, तर वर्गणी सगळ्यात तंगीत असलेल्याला झेपेल तेवढीच ठेवा. गोंदिया-गडचिरोलीहून येऊन खोली करून राहिलेली मुलं आहेत तुमच्यात. मेसचे पैसे भरल्यावर त्यांच्या हाती काय उरतं, ते तू पाहिलं आहेस. पैसे तूच गोळा करणार असशील तर कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नकोस. कार्डावर नावं सगळ्यांची घाल, ज्याला देणं जमलं नाही त्याचंही. आणि तुझ्या घरच्या पार्टीच्या निरोपात आधीच लिहून टाक, ‘काही आणू नका, पोटभर जेवायला या.’

तुझे,
सर