रॅबिटएमक्यूमध्ये फक्त ठरलेल्या मशीनांनाच प्रवेश: आयपीची यादी कुठे लिहायची, आणि ती पुरते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑर्डर घेणारा प्रोग्राम एका मशीनवर आहे, बिलिंग दुसऱ्यावर, आणि मधे तिसऱ्या मशीनवर रॅबिटएमक्यू, म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज रांगेत ठेवून दुसऱ्याला देणारा सर्व्हर. ‘गेस्ट’ युजरने बाहेरून लॉगिन होईना, म्हणून नेटवर सापडलेला उपाय करून तुम्ही लूपबॅकची अट (त्या युजरने त्याच मशीनवरून लॉगिन करायचं) काढून टाकलीत. आता सुरक्षा बघणारी टीम म्हणतेय की त्या दोन मशीनांखेरीज कुणालाही जोडता येऊ नये. तर आयपींची यादी नेमकी कुठे लिहायची, आणि यादी असली तर पासवर्ड हवाच कशाला?

आधी ती लूपबॅकची अट परत लावा, बाकीचं नंतर वाचा. ‘गेस्ट’चा पासवर्डही ‘गेस्ट’च, हे जगजाहीर आहे, आणि त्या युजरला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क असतात. म्हणूनच २०१४ साली ३.३.० आवृत्तीपासून त्याला फक्त त्याच मशीनवरून लॉगिन करता येईल, असा नियम आला. तुम्हाला जी अडचण वाटली ती खरं तर तुमचं एकमेव कुलूप होतं. आणि रॅबिटएमक्यूची अधिकृत डॉकर इमेज (कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालणारी तयार प्रत) वापरत असाल तर तिच्यात ही अट मुळातच काढलेली असते, ते वेगळं तपासा. सरळ मार्ग म्हणजे ‘गेस्ट’ डिलीट करायचा आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी स्वतंत्र युजर काढायचा.

आता यादीचं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_एचबीए नावाची फाइल असते. कुठला युजर, कुठला डेटाबेस, कुठला पत्ता, असं ओळीओळीने लिहायचं, जी ओळ पहिल्यांदा जुळेल ती लागू. तुम्ही बहुधा तसंच काही शोधताय. रॅबिटएमक्यूच्या मूळ कॉन्फिगमध्ये तसं नाही. तिथे फार तर कुठल्या नेटवर्क कार्डावर ऐकायचं ते सांगता येतं, कुणाचं ऐकायचं ते नाही. एचटीटीपीवरून परवानगी विचारणारं एक प्लगइन आहे, ते व्हर्च्युअल होस्टची (सर्व्हरमधल्या वेगळ्या कप्प्याची) परवानगी विचारताना क्लायंटचा आयपीही पाठवतं. पण दोन मशीनांसाठी वेगळी सर्व्हिस लिहून सांभाळणं मला पटत नाही. यादी फायरवॉलमध्ये लिहा.

लिहिताना सगळी पोर्ट (मशीनची क्रमांक दिलेली दारं) एकाच मापाने मोजू नका. ५६७२ वर प्रोग्राम बोलतात, ते त्या दोन मशीनांना उघडा. १५६७२ वर ॲडमिनचं वेबपान असतं, ते फक्त तुम्ही ज्या मशीनवरून काम करता तिला. उरली ४३६९ आणि २५६७२. ही दोन बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात घातक तीच आहेत. त्यांवरून रॅबिटएमक्यूचे नोड (एकत्र काम करणारे सर्व्हर) आणि कमांड लाइनची साधनं एकमेकांशी एर्लंगच्या, म्हणजे रॅबिटएमक्यू ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्या, पद्धतीने बोलतात, आणि तिथे पहारा एकाच गोष्टीचा असतो: ‘एर्लंग कुकी’ नावाची एक गुप्त ओळ. ती ज्याच्या हाती लागली, त्याला त्या मशीनवर हवा तो कोड चालवता येतो. काउचडीबी हा डेटाबेसही एर्लंगवरच चालतो. त्यात ही कुकी इन्स्टॉल करताना ठरलेलीच यायची, ‘मॉन्स्टर’ अशी, आणि ज्यांनी ती बदलली नाही आणि पोर्टही उघडं ठेवलं, त्यांचा सर्व्हर कुणालाही ताब्यात घेता येत होता. २०२२ मध्ये ती त्रुटी जाहीर झाली. तुमच्याकडे एकच नोड आहे, तेव्हा ही दोन्ही पोर्ट बाहेरच्या जगाला पूर्ण बंद.

इथवर सोपं आहे. आता जिथे मी स्वतः फसले ते सांगते, कारण तुम्हीही डॉकर वापरत असाल असं वाटतं. एका कामात मी यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये अगदी मोजून दोन पत्ते घातले होते. स्टेटस बघितलं, दोनच ओळी. समाधानाने झोपले. आठवड्याभराने सहज कनेक्शनांची यादी काढली, युजर आणि समोरचा पत्ता एवढे दोनच रकाने, तर तिसऱ्या ओळीत एक पत्ता असा, जो आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. तो आमच्याच दुसऱ्या टीमचा टेस्ट सर्व्हर निघाला, म्हणून निभावलं. कारण होतं डॉकरच्या कंपोज फाइलमधली (कंटेनर कसे चालवायचे ते जिथे लिहितात तिथली) ‘५६७२:५६७२’ ही ओळ. पोर्ट असं उघडलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ पॅकेट-चाळणीत, स्वतःचे नियम घालतो आणि पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत न जाता थेट कंटेनरकडे वळतं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस खोटं बोलत नव्हतं, त्याला ते पॅकेट दिसतच नव्हतं. उपाय दोन, आणि दोन्ही करा: त्या ओळीत पोर्टच्या आधी मशीनचा आतल्या नेटवर्कचा आयपी लिहा, म्हणजे बाहेरच्या कार्डावर ते उघडणारच नाही, आणि दोन पत्त्यांचा नियम डॉकरने त्यासाठीच ठेवलेल्या ‘डॉकर-युजर’ साखळीत घाला.

पुढेमागे लोड बॅलन्सर (येणारी कनेक्शनं सर्व्हरांत वाटून देणारा) आला तर आणखी एक पंचाईत. रॅबिटएमक्यूला सगळी कनेक्शनं बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसतील. मग यादी बॅलन्सरच्या दारात लावावी लागते. लॉगमध्ये खरा पत्ता हवा असेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉल दोन्हीकडे चालू करा. एकीकडेच केला तर कनेक्शन जुळतच नाही.

आता पासवर्डचा प्रश्न. हवाच. पत्ता सांगतो की मेसेज कुठल्या मशीनवरून आला. कुणी पाठवला ते सांगत नाही. ऑर्डरच्या मशीनवर लॉग गोळा करणारा प्रोग्राम असेल, बॅकअपची स्क्रिप्ट असेल, कुणी डेव्हलपर एसएसएचने आत आलेला असेल. यादीच्या लेखी हे सगळे एकच. पत्त्यावर विसंबण्याची किंमत लोकांनी पूर्वी मोजलेली आहे: १९९४ च्या नाताळात सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या मशीनमध्ये घुसखोरी झाली ती नेमकी अशीच, विश्वासातल्या मशीनचा पत्ता लावून पॅकेट पाठवून. आज टीसीपीवर तेवढं सोपं राहिलेलं नाही, पण तत्त्व तेच आहे. टीके या जुन्या ग्राफिक्स टूलकिटचं उदाहरण मला फार आवडतं. त्यात एक प्रोग्राम दुसऱ्या चालू प्रोग्रामला ‘सेंड’ने थेट कमांड पाठवू शकतो. मात्र युनिक्सवर एक्स सर्व्हरच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) परवानगीच्या यादीत एकाही मशीनचं नाव असेल तर टीके आलेली कमांड सरळ नाकारतं. यादी रिकामी, म्हणजे प्रत्येकाने गुप्त किल्ली दाखवूनच आत यायचं, तरच ते ऐकून घेतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी मशीनच्या नावावर विश्वास ठेवायचंच नाकारलं.

तेव्हा फायरवॉलच्या आत प्रत्येक युजरला नेमक्या परवानग्या द्या. रॅबिटएमक्यूत त्या तीन असतात: कॉन्फिगर, राइट, रीड. ऑर्डरच्या युजरला फक्त त्याच्या एक्स्चेंजवर (मेसेज आत घेऊन रांगांत टाकणाऱ्या भागावर) राइट, बाकी दोन कोऱ्या. बिलिंगला फक्त त्याच्या क्यूवर, म्हणजे रांगेवर, रीड. क्यू आणि एक्स्चेंज तुम्ही ॲडमिन म्हणून आधी तयार करून ठेवा, म्हणजे प्रोग्रामांना कॉन्फिगरची गरजच पडणार नाही. एक बारकावा: या परवानग्या रेग्युलर एक्स्प्रेशन (नावाशी जुळवायचे अक्षरांचे नमुने) असतात आणि दोन्ही टोकं तुम्हीच बांधायची असतात. नुसतं ‘बिल’ लिहिलंत तर ‘बिल_जुनी’ आणि ‘रद्दबिल’ही त्यात बसतात, ‘^बिल$’ असं लिहा. मशीनं एकाच नेटवर्कवर असली तरी टीएलएस (कनेक्शनचं कूटलेखन) लावा, नाहीतर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. टीएलएसचं पोर्ट ५६७१, तेव्हा फायरवॉलची ओळही त्याप्रमाणे बदला.

यादी एकेका पूर्ण पत्त्याची ठेवा. कुणीतरी मशीन बदलतं, पत्ता बदलतो, आणि घाईत ‘/३२’ चं ‘/२४’ होतं. एका पत्त्याच्या जागी २५६ पत्ते आत. ती ओळ पुन्हा कुणी आवळत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. क्लाउडवर असाल तर पत्त्याऐवजी सिक्युरिटी ग्रुपचं (एकच फायरवॉल-नियम लागू असलेल्या मशीनांच्या गटाचं) नाव द्या.

सगळं झालं की यादीत नसलेल्या तिसऱ्या मशीनवरून ५६७१ आणि ५६७२ दोन्हींना जोडून बघा. जोडलं जाता कामा नये. पण एवढ्यावर थांबू नका. फायरवॉलचा नवा नियम सहसा फक्त नव्या कनेक्शनांना लागतो, आधीपासून जोडलेलं तसंच चालू राहतं. आणि रॅबिटएमक्यूची कनेक्शनं तर आठवडेच्या आठवडे टिकतात. माझ्याकडचा तो टेस्ट सर्व्हर नियम लावल्यावरही तासभर मेसेज उचलत होता. ॲडमिनच्या वेबपानावर कनेक्शन्सच्या टॅबमध्ये जा, प्रत्येक ओळीचा पत्ता वाचा, आणि जो यादीत नाही तो उघडून तळाचं ‘फोर्स क्लोज’ दाबा.