कोविड बरा झाला पण धडधड जात नाही, काय करायचं?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही लालबागला राहतो. भाऊ 34 वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी त्याला कोविड झाला, घरीच बरा झाला. पण आता दादरचा ब्रिज चढला की छातीत धडधडतं आणि लोकलमध्ये उभा राहिला की गरगरतं. ईसीजी नॉर्मल आलाय म्हणून घरचे म्हणतात उगाच टेन्शन घेतो. शेजारचे म्हणतात लसीमुळे झालं आणि मेडिकलवाला म्हणतो रक्त पातळ करायची गोळी सुरू कर. देऊ का?

उत्तर : ताई, ती गोळी अजिबात देऊ नका. रक्तस्राव होऊ शकतो, तपासल्याशिवाय ती घ्यायची नसते. आणि भावाला कृपा करून टेन्शन घेतोस असं कोणी म्हणू नका, त्याला खरंच त्रास होतोय.

कोविड फक्त फुफ्फुसाचा आजार नाही. हा व्हायरस पेशीत शिरतो तो एसीई-2 नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या एका ठरावीक जागेला, चिकटून, आणि हे रिसेप्टर हृदयात आणि रक्तवाहिन्यांमध्येही असतात. शिवाय शरीराची सूज आणणारी जी रिअ‍ॅक्शन होते त्यात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, मग गुठळ्या व्हायला लागतात, कधी पायात, कधी फुफ्फुसात, कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रेकॉर्डवरून केलेला मोठा अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात कोविडनंतर वर्षभर हार्ट अटॅक, स्ट्रोक, हार्ट फेल्युअर यांचा धोका वाढलेला दिसला, अ‍ॅडमिट न झालेल्यांमध्येसुद्धा, फक्त त्यांच्यात वाढ कमी होती. म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही, घाबरू नका, पण दुर्लक्षही नको.

साधा ईसीजी दहाएक सेकंदांचाच असतो हो, धडधड त्या वेळी नसेल तर त्यात काय दिसणार? टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) करून घ्या, केईएम हॉस्पिटल जवळच आहे, तिथे ओपीडीत दाखवा.

तुम्ही सांगताय ते उभं राहिल्यावरचं गरगरणं ऐकून मला पॉट्सचीही शंका येते, म्हणजे उभं राहिलं की ठोके फार वाढतात आणि गरगरतं, तो त्रास. घरीच बघा, त्याला दहा मिनिटं आडवं झोपवा, मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवा, मग उभं करा, मधेमधे मोजत दहा मिनिटं थांबा, भिंतीला टेकू देऊ नका पण तुम्ही बाजूलाच राहा, चक्कर आली तर लगेच झोपवा. ठोके 30 किंवा त्याहून जास्त वाढले आणि तसेच राहिले तर तो कागद डॉक्टरांना नक्की दाखवा, फार उपयोगी पडतो. पॉट्सवर उपाय आहेत, भरपूर पाणी, डॉक्टर म्हणाले तर मीठ जास्त, घट्ट स्टॉकिंग्ज, हळूहळू वाढवलेला व्यायाम. पण रिपोर्ट येईपर्यंत जिम आणि क्रिकेट बंदच, हृदयाला सूज असेल तर जोराचा व्यायाम धोक्याचा असतो.

लसीचं म्हणाल तर फायझर, मॉडर्नासारख्या एमआरएनए लसींनंतर क्वचित हृदयाला सूज आलेली आहे, जास्त करून तरुण मुलांमध्ये, पण आपल्याकडे बहुतेकांनी कोविशील्ड नाहीतर कोवॅक्सिन घेतली, त्या एमआरएनए नाहीत. कोविशील्डनंतर फार क्वचित गुठळ्या झाल्या, पण त्या डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, 18 ते 45 वयाच्या लोकांचे अचानक झालेले मृत्यू तपासले तेव्हा लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, उलट कोविडसाठी अ‍ॅडमिट झालेल्यांत तो जास्त निघाला.

छातीत दाबल्यासारखं दुखलं, श्वास अडकला, बेशुद्ध झाला, एका पायाला सूज येऊन दुखायला लागलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर ओपीडीची वाट बघू नका, 108 ला फोन करून सरळ कॅज्युअल्टीत न्या.