समईचा हंस

प्रिय बाय,

सिनेमाच्या कलाविभागात काम करायचंय हे तुझं पत्र आणि सोबतची बावीस चित्रं मिळाली. चांगली आहेत. पण खरं सांगू, चौथ्या-पाचव्यानंतर मी भराभर पानं उलटली आणि अडकलो ते पत्राच्या शेवटच्या दोन ओळींवर. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, चतुर्थीच्या आदल्या रात्री मूर्तीचं बोट मोडलं, ते तू शाडूने जोडलंस, वाळायला वेळ नव्हता म्हणून हेअर ड्रायर फिरवलास, रंगाला रंग मिळवलास आणि सकाळी मूर्ती वेळेवर घरी गेली. अगं, हे सगळ्यात वर लिहायचं! कलादिग्दर्शकाला असिस्टंट हवा असतो तो याचसाठी.

जे.जे.ला किंवा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला न जाता आत घेतात का, असं विचारलंस. घेतात. शिकायला मिळालं तर जरूर शीक, सावर्ड्याचं कला महाविद्यालयही आहेच. पण मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले होते. गणपतीच्या शाळेतून येणारी तू काही आडवाटेने येत नाहीस.

पहिली दोन वर्षं तू चित्र काढणार नाहीस, हे मात्र मनाशी धर. तू वस्तू आणशील, मांडशील, परत नेऊन देशील. सेटवर कुणी "आर्ट!" म्हणून ओरडलं की पळशील.

माझ्या पहिल्या कामात गुहागरकडच्या एका घरातून समई आणली होती, कमरेएवढी, वर हंस. दोन टेकच्या मधे कुणीतरी लाइटचा स्टँड ओढला, समई आडवी झाली आणि हंस मानेपासून निखळला. प्रॉडक्शनचं म्हणणं, पैसे पाठवून द्या आणि विषय मिटवा. परत जायला कुणी तयार होईना. मी एसटीने गेलो. हंस रुमालात बांधलेला. त्या घरातल्या आजींनी रुमाल सोडला, बघितला, परत बांधला. रागावल्या नाहीत. आत जाऊन कोकम सरबत घेऊन आल्या. ते सरबत काही केल्या घशाखाली उतरेना. तांबटाकडून हंस जोडून आणून दिला तेव्हा कुठे मला झोप लागली.

तेव्हापासून माझ्याकडे वही असते. वस्तू कोणती, कुणाची, फोन, कोणत्या सीनला लागते, आधीपासून कुठे पोचा किंवा चीर आहे, नेतानाचा फोटो, परत दिल्याची सही. मोबाइलमध्ये ठेवलंस तरी चालेल, पण ठेव. आजींच्या त्या घराने पुढे दोनदा आपली ओटी शूटिंगला दिली.

दुसरी गोष्ट वाचण्याची. स्क्रिप्ट हातात आली की आपण गोष्ट वाचायची नाही, वस्तू वाचायच्या. समज, लिहिलंय: "सन १९६५. मालवणजवळचं गाव. पोस्टमन पत्र देतो." एवढंच. आता ते पाकीट तुला बनवायचंय. पत्त्यात जिल्हा सिंधुदुर्ग लिहिलास तर गेलीस. तो जिल्हा झाला १ मे १९८१ला, त्याआधी आपण सगळे रत्नागिरीत. पिनकोडही नको, तो आला १९७२मध्ये. तिकीट त्या काळातलं, पैशांतलं. आणे १९५७लाच गेले. कागद चहाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा, उन्हात वाळवलास तर पापडासारखा वाकतो. घडीच्या रेषेवर बोटाने जरा मळ चोळायचा. आणि एकच पाकीट करून थांबू नकोस. नटाने ते टेकमधे फाडलं तर? निदान सहा कर. त्याच सीनमधल्या ओटीवर भिंतीला कुणी कालनिर्णय टांगलं तर गुपचूप काढ, ते १९७३पासूनचं. (सुरू करणारे साळगावकर आपल्या मालवणचे, म्हणून काही सूट मिळत नाही.)

हे मुंबईची पोरंही शिकतात. पण किनाऱ्यावर शूटिंग असलं की ती फसतात, आणि तिथे तू उभी राहायचंस. एका युनिटने सकाळच्या ओहोटीला वाळूवर होडी लावून, जाळी पसरून अर्धा सीन घेतला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ठेवला. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यात अमावास्या जवळ आलेली, उधाणाचे दिवस. रात्री जाळी गेली, होडी आडवी झाली, आणि सकाळी कॅमेऱ्यासमोर कालचा किनाराच नव्हता. हे आधी सांगणारं एक माणूस हवं होतं, बस. गावातला होडीवरचा कुठलाही तांडेल सांगू शकला असता, पण त्याला विचारलं कुणी?

युनिट तुमच्या भागात आलं की आधी लोकल कोऑर्डिनेटरला गाठ. "मला सिनेमात काम करायचंय" असं म्हणू नकोस, ते नटी व्हायला येणाऱ्याही म्हणतात. म्हण, "आर्टला माणूस लागेल का? जुनी भांडी, पाळणे, कंदील, माडाची झापं विणणारे मला माहीत आहेत." सेटिंगच्या दादांशी अदबीने वाग, सुतार, पेंटर, मोल्डर हीच तुझी शाळा. खिळा कसा काढायचा म्हणजे भिंतीचा चुना निघत नाही, हे दुसरं कुणी शिकवणार नाही.

पैशांचं स्पष्ट बोल. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, लांबते. मालिकांच्या कामात पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत जुनीच आहे, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय तुतारी एक्सप्रेस पकडून दादरला उतरू नकोस. राहायची सोय आणि रात्रीची गाडी आधी विचारून घे. त्यात संकोच नको.

दिवाळीत गावी येतोय. तोवर एक काम कर. तुमच्याच घराची ओटी १९७०ची करायची ठरली तर काय काढावं लागेल आणि काय आणावं लागेल, लिहून ठेव. मीटरचा डबा आणि डिशची वायर विसरू नकोस.

तुझा,
काका

ता. क. माळ्यावर डालडाचा जुना पत्र्याचा डबा असेल तर आईला सांग, भंगारात देऊ नका. मला हवाय. वहीत लिहून नेईन.