जॉन्सन यांचं १९६५चं भाषण कसं वाचावं

नुसती अलंकारांची यादी करू नकोस, विश्लेषण तिथेच फसतं. आधी प्रसंग बघ: ७ मार्च १९६५ला अलाबामा राज्यातल्या सेल्मात कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या आणि १५ मार्चला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन काँग्रेससमोर (तिथल्या संसदेसमोर) मतदान हक्कांचा कायदा मागत होते. सुरुवातीलाच लेक्सिंग्टन, कॉन्कर्ड (स्वातंत्र्ययुद्ध जिथे सुरू झालं), ॲपोमॅटॉक्स (यादवी युद्धातली दक्षिणेची शरणागती) आणि त्याच रांगेत सेल्मा; म्हणजे कृष्णवर्णीयांचा लढा थेट राष्ट्राच्या इतिहासात बसवला. पुढे प्रश्न निग्रोंचा नाही, दक्षिणेचा नाही, उत्तरेचा नाही, अशा नकारांनंतर ‘अमेरिकेचा’ येतो. या कायद्याला विरोध असलेल्या दक्षिणेच्या सदस्यांना एकटं न पाडता सामील करून घेण्याची ही (चलाख!) युक्ती. ‘वी शॅल ओव्हरकम’ (आम्ही मात करूच) या आंदोलनातल्या गाण्याच्या ओळीला पुनरुक्ती म्हणून सोडू नकोस. आंदोलकांचे शब्द टेक्साससारख्या दक्षिणी राज्यातून आलेला राष्ट्राध्यक्ष उच्चारतो, जोर त्यात आहे. ध्वनिमुद्रणही ऐक, थांबे कागदावर दिसत नाहीत.