८०८५ मायक्रोप्रोसेसरमध्ये पुश केल्यावर (स्टॅकवर डेटा ठेवल्यावर) स्टॅक पॉइंटर (एसपी, म्हणजे स्टॅकच्या माथ्याचा पत्ता) वाढण्याऐवजी कमी का होतो?

कारण ८०८५ चा स्टॅक (तात्पुरता डेटा ठेवायची मेमरीतली जागा) मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे, म्हणजे खाली वाढतो. प्रोग्राम सहसा खालच्या पत्त्यांवर आणि स्टॅक रॅमच्या वरच्या टोकाला ठेवतात. दोघांना मधली जागा मिळते आणि टक्कर लांबते. समजा एसपी २४५८ (हेक्स) आहे. 'पुश बी' (बी-सी ही रजिस्टर जोडी स्टॅकवर ठेवणं) केलं की बी २४५७ वर, सी २४५६ वर जातो आणि एसपी २४५६ होतो. पॉपला (स्टॅकवरून डेटा परत घेताना) याच्या उलट. म्हणून आधी बी, मग डी पुश केलंत तर आधी डी पॉप करा, नाहीतर किमतींची अदलाबदल होते (व्हायव्हात हमखास विचारतात!). सबरुटीनमध्ये ('कॉल'ने बोलावलेल्या उपप्रोग्राममध्ये) एखादा पॉप विसरलात तर 'रेट' (तिथून परतण्याची सूचना) भलत्याच पत्त्यावर उडी मारतं, कारण 'कॉल'चा परतीचा पत्ताही याच स्टॅकवर असतो. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही: ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये स्टॅक वर वाढतो.