वाण, सेल आणि तिसरं कपाट

प्रश्न : ताई, आम्ही बदलापूरला वन बीएचकेमधे राहतो, ४०० स्क्वेअर फूट कार्पेट, ३२ लाखाला घेतला, २० वर्षांचं लोन आहे. दोघंही नोकरीला, मुलगा सात वर्षांचा, सासूबाई सोबत असतात. पैशाची तशी ओढाताण नाही पण घरात पाय ठेवायला जागा नाही ओ! दोन कपाटं भरली, माळा भरला, आता मिस्टर तिसरं कपाट घ्यायचं म्हणतायत, ते पण नो कॉस्ट ईएमआयवर, सेलमधे. मी नको म्हटलं की म्हणतात एवढी मरमर कशासाठी करतो मग आपण. त्यात संक्रांत आली, आमच्या सोसायटीत वाणाची चढाओढच असते, मागच्या वर्षी एकीने चांदीचं पॉलिश केलेल्या वाट्या दिल्या. मी साधं काही दिलं तर कंजूष म्हणतील. काटकसर आणि कंजूषपणा यात फरक कुठे असतो तेच कळेनासं झालंय.

उत्तर : तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी असेन म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना.

आधी त्या कपाटाचं बघू. ३२ लाख भागिले ४०० म्हणजे तुमच्या घराची जमीन ८ हजार रुपये फूट पडली. चार फूट बाय दोन फुटाचं कपाट ठेवलंत की आठ फूट गेले, म्हणजे ६४ हजाराची जागा, आणि ती पण कर्जावर घेतलेली, २० वर्षांत साडेआठ टक्क्याच्या आसपास व्याज धरलं तर फेडेपर्यंत जवळपास दुप्पट होते. कपाट मिळेल १५-१८ हजाराला, पण त्यात जे ठेवणार आहात, म्हणजे न घातलेले कपडे, मिक्सरचा खोका, मुलाची मोडकी खेळणी, त्याचं भाडं तुम्ही दर महिन्याला भरताय. हा हिशेब मिस्टरांसमोर कागदावर मांड, भांडू नकोस, नुसता मांड. नको म्हटलं की माणसाला वाटतं आपल्या कष्टाला नाही म्हणतायत, आकडा दिसला की तो स्वतःच विचार करतो असा माझा अनुभव आहे.

नो कॉस्ट ईएमआयचं पण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ मधेच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. होतं काय, तर व्याजाएवढी सूट दुकानदार आधी किमतीत देतो आणि बँक तेच व्याज हप्त्यात लावते, मग क्रेडिट कार्डावर घेतलं असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा वर प्रोसेसिंग फी, ती आपल्याच खिशातून जाते. रोख घेतलं असतं तर कदाचित तीच सूट सरळ आपल्याला मिळाली असती. आणि समजा रक्कम छोटी आहे, तरी हप्ता पाठीमागे लागतो तो लागतोच, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो.

आता कंजूषपणा. मला गाडगेबाबा आठवतात बघ. अंगावर चिंध्यांचं कापड, हातात मडकं आणि खराटा, आणि त्याच माणसाने पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या, भुकेल्यांना जेवायला घातलं. कर्ज काढून सण करू नका, लुगडं कमी भावाचं घ्या पण पोरांना शिकवा, हे गावोगावच्या कीर्तनांत सांगत फिरले. त्यांना कुणी कंजूष म्हटलं नाही, कारण ते हात आखडायचे तो स्वतःसाठी घेताना, दुसऱ्याला देताना नाही. तू तुझं तपासून बघ. कामवाल्या बाईंचा पगार वाढवताना, मुलाच्या पुस्तकाला, सासूबाईंच्या औषधाला तू मागेपुढे बघतेस का? नसशील बघत तर तो शब्द मनातून काढून टाक.

वाणाबद्दल मला खरंच मनापासून वाईट वाटतं. पूर्वी हळदीकुंकवाला सुगडात काय असायचं, तर त्या दिवसांत शेतात आलेलं, ऊस, बोरं, हरभरा, गाजर, गव्हाची ओंबी. खाऊन संपायचं, कुणाच्या माळ्यावर चढायचं नाही. आता संक्रांत ते रथसप्तमी दहा घरी जाऊन आलं की दहा प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या घरात, आणि आपण पण तेवढ्याच जणींना दिलेल्या असतात. तू यंदा संपणारं काहीतरी दे, पाव किलो चांगला गूळ दे, घरी भाजलेले तीळ दे, वाटीभर ताजे मटार दे. नीट कापडी पुरचुंडीत बांधून, हसून दे. बोलणारी एखादी बोलेलही, तिला बोलू दे, पण चारजणी तरी मनात म्हणतील बरं झालं, आणि पुढच्या वर्षी त्यातली एखादी तसंच करेल.

एक काम मात्र याच रविवारी कर. नवीन कपाट घ्यायच्या आधी माळा खाली उतरव, सासूबाईंना सोबत बसव. त्यांना न विचारता काही टाकू नकोस, त्यांच्या पिढीने टंचाई बघितली आहे, रेशनच्या रांगा बघितल्यात, त्यांचं साठवणं आणि आपलं सेलमधलं घेणं एका मापाने मोजू नये.

प्रश्न : ओटीचे ब्लाऊज पीस आणि जुन्या साड्यांचं काय करू? पूर्वी बोहारीण यायची, आता आमच्या कॉम्प्लेक्सला वॉचमन आत सोडत नाही.

उत्तर : वॉचमनला सांगून एक दिवस तिला आत घ्या, सगळ्या मजल्यांचे कपडे एकदम निघतील आणि तिचाही धंदा होईल. सुती साड्या मात्र देऊ नका, सहासात साड्यांची छान गोधडी होते, शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, मजुरी घासाघीस न करता द्या. ब्लाऊज पीस जर जाळीदार असतील तर कशाच्याच कामाचे नाहीत, ते पुढे कुणाच्या ओटीत घालू नका, तुमच्यापाशीच थांबवा. चांगल्या सुती पीसच्या भाजीच्या पिशव्या शिवा, एका मीटरच्या पीसमधे मोठ्या दोन सहज बसतात.