समुद्राचं काम करायचंय? आधी मोजायला शीक

पुणे

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पुण्यात बसून समुद्रासाठी काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण मुठा नदीत टाकलेली पिशवी अरबी समुद्रात जाते असं लिहिलंयस, ते आधी दुरुस्त कर. आपलं पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. वाटेत उजनीचं धरण लागतं. कोळीवाड्यात असा भूगोल चुकलास तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

किनारा सफाईला जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. किनाऱ्यावर कुठला जीव किती आहे, हे नीट मोजणारी माणसं जास्त हवी आहेत.

मोजायला चौकट लागते. अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आण. आतून 50 सेंमी भरेल अशी चौकट जोड. दर 10 सेंमीवर आडवी-उभी सुतळी बांधलीस की 25 घरं होतात, प्रत्येक घर 4 टक्क्यांचं. पाइपला भोकं पाड, नाहीतर आत हवा राहून चौकट पाण्यावर तरंगते. पहिली तालीम वेताळ टेकडीवर: कातळाचा किती भाग दगडफुलाने व्यापलाय? एकाच चौकटीचं दोघांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे ताडून बघा. फार फरक आला तर पुन्हा.

मग कोकणात उतर. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला साधारण 3, म्हणजे ओहोटी 9च्या सुमारास. तासाभराचा फरक पडतोच, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब हटतं. खडकावर ओहोटीच्या दीड तास आधी पोच आणि पाणी फिरलं की मुकाट्याने परत ये.

खरी चूक होते ती चौकट ठेवताना. शिंपले भरघोस दिसतील तिथेच हात जातो आणि सगळा हिशेब फुगतो. खडकावर खुणांची दोरी ताण आणि घरूनच चिठ्ठ्या टाकून काढलेल्या आकड्यांच्या खुणांवर चौकट ठेव. उलटलेला दगड होता तसाच पालथा घाल. खालचे जीव उन्हात मरतात.

स्कूबाच्या कोर्सची घाई नको, संख्याशास्त्र आधी. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे चौकशी कर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमारांना बोलायला सवड असते. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, ही योजना 2018ची. ती किती जणांना माहीत आहे, पैसे मिळायला कुठे अडतं, हे विचार. उपदेश करू नकोस.

टेकडीवरच्या पहिल्या दहा चौकटींची वही पाठव. टक्क्यांशेजारी तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचं नाव हवं.

तुझा,
एक हितचिंतक